द्वारकीची भिंत

आशाबाईंनी पाचव्या पानावरचा स्वल्पविराम खोडला, थोडा वेळ त्याच्याकडे बघितलं आणि पुन्हा होता तिथं नेऊन ठेवला. दोन दिवस हेच चाललं होतं. चौदा पानांची पोरांची गोष्ट, पानावर दोन-दोन ओळी, आणि हातात लाल पेन्सिल असूनही कुठं बोट ठेवायला जागा सापडेना. एखादी चूक सापडली असती तर जेवण तरी गोड लागलं असतं.

समोरच्या खुर्चीत नजमा बशीतल्या चहावर फुंकर घालत होती.

"पेन्सिल काढ तोंडातून," ती म्हणाली.

आशाबाईंनी पेन्सिल काढली. मनात काही सलत असलं की हाताला लागेल ते चावायची त्यांची सवय पहिलीपासूनची. लहानपणी त्या फ्रॉकची कॉलर चावायच्या. आईनं कॉलरीला कडुनिंबाचा रस लावून पाहिला, तर लेकीला त्याचीही गोडी लागली. आता साठी जवळ आली होती, कॉलर गेली होती, पण पेन्सिली होत्या आणि पदराचं टोक होतं.

"भाषा बरी आहे," त्या म्हणाल्या.

"बरी म्हणजे?"

"बरी म्हणजे बरी. छापायला हरकत नाही."

नजमा गालातल्या गालात हसली आणि चहा प्यायली. ते हसणं आशाबाईंना नेमकं दिसलं.

वीस वर्षांत दोघींनी मिळून नऊ पुस्तकं केली होती. नऊच्या नऊ पुस्तकांवर शब्द आशाबाईंचे आणि चित्रं नजमाची. उंट आणि शेळी, कासव आणि खार, एका पायाचा बगळा आणि आडदांड म्हैस. आपल्यासारखं नसणाऱ्याला जवळ करावं, हा सगळ्यांचा सूर. पंचक्रोशीतल्या झाडून सगळ्या प्राण्यांची मैत्री लावून देणाऱ्या या बाईंना स्वतःच्या मैत्रिणीनं एक पुस्तक एकटीनं केलेलं पचत नव्हतं. शब्दही नजमाचे, चित्रंही नजमाची. नाव, 'द्वारकी आणि मी'.

तेही त्यांनी कसंबसं गिळलं असतं. पण पाचव्या पानावर लिहिलं होतं, 'द्वारकीला ऐकू यायचं नाही. मग मी तिला चित्र काढून सांगायला लागले. मी चित्रं काढायला शिकले ती अशी.'

आशाबाईंच्या घशात अडकलं होतं ते हे. कारण प्रत्येक शाळेत, प्रत्येक सत्काराला हार गळ्यात पडला की त्या एकच हकीकत सांगायच्या. पोलीस ॲक्शनला बारा-पंधरा वर्षं झाली असतील, आम्ही चौथीत होतो, मी चिंचेखाली बसून गोष्ट सांगायचे आणि ही तिच्या अब्बांच्या बेकरीतला कोळसा आणून शाळेच्या मागच्या भिंतीवर ती काढायची. आमचं पहिलं पुस्तक म्हणजे ती भिंत. लोक टाळ्या वाजवायचे. नजमा शेजारी बसून चष्मा पुसायची. वीस वर्षांत तिनं एकदाही 'नाय, तसं नव्हतं' असं म्हटलं नव्हतं.

द्वारकी त्यांना आठवत होती. न आठवायला काय झालं. कापसाच्या जिनिंगमधल्या हमालाची पोर, तेल चोपडलेली, डोळे हे एवढाले. ऐकू येत नसतानाही शाळेतल्या बाईंनी तिला वर्गात बसू दिलं होतं, आणि वर्गात इतक्या जणी असताना नजमा नेमकी तिच्याच शेजारी जाऊन बसली होती. चौथीची परीक्षा झाली आणि द्वारकी बापाबरोबर गंगापूरला निघून गेली. आशाबाईंच्या लेखी ती गोष्ट तिथं संपली होती.

"शेवटच्या पानावर मजकूर नाही," त्या म्हणाल्या. पहिल्यांदाच काहीतरी सापडल्यासारखा त्यांचा आवाज चढला.

"व्हय. ते पान तू लिही."

"का? तेरा पानं जमली आणि एक जमलं नाही होय?"

"नाय जमलं," नजमा सरळ म्हणाली. "लई खोडून बघितलं. ते माझ्याकडून व्हायचं नाय."

"गोष्ट तुझी, द्वारकी तुझी, आणि शेवट माझ्या गळ्यात. मी नाही लिहिणार."

नजमानं बशी खाली ठेवली. "बरं. उद्या खुलताबादला तर येशील ना?"

पुस्तक छापखान्यात जायच्या आधी त्याची डमी, म्हणजे हातानं बांधलेली कच्ची प्रत, एखाद्या शाळेत नेऊन पोरांपुढं वाचायची, हा दोघींचा रिवाज होता. पोरं जिथं जांभया देतील ती पानं घरी येऊन दुरुस्त करायची. वाचायचं आशाबाईंनी आणि पोरांकडं तोंड करून पुस्तक धरायचं नजमानं. आशाबाईंना शब्द पाठ असायचे. चित्रांकडं त्या घाईघाईनं बघायच्या. या वेळी तर द्वारकीचे ते डोळे दिसले की त्या पान उलटून मोकळ्या व्हायच्या.

"येईन की," त्या म्हणाल्या. "रिवाज आहे म्हणून."

खुलताबादच्या शाळेत शहजादी मॅडमनी तिसरीचा वर्ग व्हरांड्यात सतरंजीवर बसवून ठेवला होता. डोंगरावरचा वारा बोचरा होता आणि पोरं स्वेटरांत गुरफटून, एकमेकांना चिकटून बसली होती. नजमानं पिशवीतून डमी काढली आणि सवयीनं स्वतःच्या छातीशी धरली. आशाबाईंनी ती तिच्या हातातून काढून घेतली.

"आज तूच वाच. तुझी गोष्ट आहे. मी धरते."

नजमा क्षणभर त्यांच्याकडं बघत राहिली. चष्मा चढवून तिनं टाइप केलेला कागद हातात घेतला.

पुस्तक धरणाऱ्याला पुस्तक दिसत नाही, हे आशाबाईंना त्या दिवशी कळलं. समोर नुसती पोरांची तोंडं. नजमाचा आवाज जरा बसका होता, मध्येच अडखळत होता, आणि आशाबाईंना त्याचंही बरं वाटलं. पण पोरं जांभया देत नव्हती. दुसऱ्याच पानाला पुढच्या रांगेत कुजबूज झाली. तिसऱ्या पानाला दोन-तीन बोटं उठली, सगळी पानाच्या एकाच कोपऱ्याकडं. चौथ्याला पोरं पुढं सरकली.

"इथंबी हाय," एक मुलगी शेजारणीला म्हणाली.

"कुठं?"

"ती बघ ना, टाकीमागं."

आशाबाईंनी पान उलटलं. पाचवं पान, चित्रं काढायला शिकल्याचं. पोरांनी ऐकलंच नाही, सगळी मिळून शोधत होती. सापडल्यावर हशा पिकला. आशाबाई वरून वाकून बघायला लागल्या, पण उलटं काही धड दिसेना. नजमा वाचत होती, मान वर करत नव्हती. बारावं पान झालं. तेरावं आलं.

"एके दिवशी सकाळी आम्ही दोघी आलो, तर भिंत पुसलेली," नजमा वाचत होती. "आमचं एकही चित्र उरलं नव्हतं. मला वाटलं, रात्री पाऊस पडला असेल."

"नाय पडला," मघाची मुलगी म्हणाली. तिचं नाव अजरा होतं, स्वेटरवर पिन लावून चिठ्ठी अडकवली होती. "मॅडम, पाऊस नाय पडला. तिच्या हातात फडकं हाय."

"कुणाच्या?" आशाबाईंनी विचारलं.

"तिच्या. झाडामागची ती. सगळ्या पानावर हाय ना ती. कॉलर चावती ती."

आशाबाईंनी पुस्तक आपल्याकडं फिरवलं.

चिंचेच्या बुंध्याआडून एक किडकिडीत मुलगी बघत होती. दोन वेण्या, फ्रॉकची कॉलर तोंडात, आणि मागं लपवलेल्या हातात पाटी पुसायचं ओलं फडकं. त्यातून एक थेंब खाली पडत होता. जमीन सगळीकडं कोरडी होती. त्यांनी पानं मागं उलटली. पाण्याच्या टाकीमागं ती होती. बेकरीच्या दारात, पायरीखाली, वर्गाच्या खिडकीत नाक दाबून ती होती. शब्दांत तिचं नाव कुठंच नव्हतं. दोन दिवस लाल पेन्सिल घेऊन त्यांनी हे पुस्तक वाचलं होतं आणि त्यात त्या स्वतः पानोपानी उभ्या होत्या.

त्यांचे कान तापले. पाटीचं फडकं टाकीत बुडवताना गार पाण्यानं बोटं बधिर झाली होती, ते त्यांना आत्ता जाणवलं. शाळेत तेव्हा कुणी नव्हतं. कुणी बघितलं नव्हतं, अशी त्यांची आजवर खात्री होती.

"ती चोर हाय," एक मुलगा म्हणाला.

"चोर नाय, रुसलीया ती."

"तिला खेळायला घेत नसतील."

"तिनं विचारलंच नसंल," अजरा म्हणाली. "मागंच उभी ऱ्हाती सारखी."

शहजादी मॅडमनी पोरांना गप्प केलं आणि पुढचं पान दाखवायला सांगितलं. आशाबाईंनी चौदावं पान उलटलं आणि या वेळी ते आधी स्वतः नीट बघितलं. पुसलेली राखाडी भिंत. नजमा भिंतीकडं बघतेय. द्वारकीनं तळहात पुढं केलाय आणि मान वर करून आभाळ बघतेय, पाऊस कुठून आला ते शोधत. चिंचेमागं कुणी नाही. खाली मजकुराची जागा कोरी.

पोरांनी बराच वेळ शोधलं.

"ती कुठं गेली?" अजरानं विचारलं.

नजमानं कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. "ते मला नाय ठाऊक. ह्या मॅडमना विचारा."

सगळ्या वर्गाची तोंडं आशाबाईंकडं वळली. 

"घरी गेली," त्या म्हणाल्या. "तिला कुणी हाकललं नव्हतं. आपली आपणच गेली."

"मग परत आली का?"

"आली. दुसऱ्या दिवशी एक गोष्ट घेऊन आली. लई चांगली गोष्ट होती. ती ऐकायला एक मैत्रीण तिच्याजवळ येऊन बसली."

"आणि दुसरी?"

"दुसरीला ऐकू यायचं नाही ना," आशाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज त्यांनाच परका वाटला.

परतीच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर दोघींनाच जागा मिळाली. जीप घाट उतरली. दौलताबादच्या वळणावर जीप थांबली, दोन माणसं उतरली, चार चढली.

"तुला माहीत होतं," आशाबाई म्हणाल्या.

"त्या दिवशी तुझी कॉलर काळी झाली होती. कोळशाच्या हातानं धरली होतीस."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

नजमानं खांदे उडवले. "तू गोष्ट सांगायला लागली होतीस. लई भारी सांगायचीस. मला ऐकायची होती." थोड्या वेळानं ती म्हणाली, "म्हणून तर शेवटचं पान माझ्याच्यानं होईना. मीबी तिच्याजवळनं उठून तुझ्याकडं आले होते की."

आशाबाईंना तिचा राग आला, आणि राग कशाचा ते सापडेना. चित्रातली ती मुलगी कुरूप काढली नव्हती. नीट निरखून, एकेक केस लावून काढली होती. इतकं निरखून द्वारकीलाही काढलं नव्हतं, हे मनात येताच त्यांना जरा सुख वाटलं आणि त्या सुखाची लगेच लाज वाटली.

"आता कुठं असते ती?"

"गंगापूरलाच. नातवंडं झाली. दर ईदेच्या दुसऱ्या दिवशी मी जाते शिरखुर्मा घेऊन."

"दर ईदेला?"

"व्हय."

ईदेच्या दिवशी शिरखुर्मा आशाबाईंच्याही घरी यायचा, पहिला डबा आपला, असं त्या सगळ्यांना सांगायच्या. दुसऱ्या दिवशी तसाच डबा गंगापूरला जातो, हे त्यांना चाळीस वर्षांत कळलं नव्हतं.

"मला कधी बोलली नाहीस."

"तू कवा विचारलंस?"

आशाबाईंच्या पदराचं टोक कधी दातांत गेलं, त्यांचं त्यांनाही कळलं नाही. नजमानं ते बघितलं आणि या वेळी तसंच राहू दिलं. पिशवी मात्र दोघींच्या मध्ये उघडी पडली होती आणि डमीचा कोपरा बाहेर आला होता.

पडेगावच्या अलीकडं आशाबाईंनी डमी बाहेर ओढली, मांडीवर ठेवली आणि शेवटचं पान उघडलं. पर्समधून लाल पेन्सिल काढली. रस्ता खराब होता, जीप हिसके देत होती. द्वारकीच्या पुढं केलेल्या तळहाताखाली, कोऱ्या जागेत, त्यांनी एकच ओळ लिहिली. अक्षर वाकडंतिकडं आलं, एरवी त्यांनी ते चालवून घेतलं नसतं.

'त्या रात्री पाऊस पडला नव्हता.'

नजमानं मान वाकवून वाचलं. दोनदा वाचलं. मग चष्मा काढून ओढणीनं पुसायला लागली.

"तिला वाचता येतं का गं?" आशाबाईंनी विचारलं.

"द्वारकीला? येतं की. तेव्हाच शिकली. चित्राखाली मी नाव लिहायचे, ती मागून गिरवायची."

म्हणजे भिंतीवरचं ते पहिलं पुस्तकही द्वारकीचंच होतं. आशाबाई काचेतून बाहेर बघत राहिल्या. दूर छावणीची झाडं दिसायला लागली होती. त्यांनी डमी मिटली आणि नजमाच्या मांडीवर ठेवली.

"मग छापू दे," त्या म्हणाल्या.