गुडघ्यांपुढचं गोणपाट

मित्रांनो, कंधारजवळच्या एका शेतवस्तीवर पत्र्याच्या सावलीत जुनी मोटारसायकल उभी दिसली, तर ती मीच समजा.

माझ्या इंजिनात गार ठेवणारं पाणी नसतं. बाहेर धातूच्या पातळ पट्ट्या आहेत, धावताना त्यांना वारा लागतो. आत तेल फिरतं. ते भागांना एकमेकांवर घासू देत नाही आणि त्यांची उष्णताही काढून घेतं. वारा आणि तेल, एवढ्यावर माझा जीव.

नवी आले तेव्हा माझे मालक ग्यानोबा यांनी मला हार घातला. त्यांच्या बायको सुमनबाई मागं बसायच्या. मी चढ चढले की म्हणायच्या, "अहो, बैलापरीस गुणाची हाय ही!" हिवाळ्यात ग्यानोबांचे गुडघे धरायचे, म्हणून वारा अडवायला त्या माझ्या पुढच्या लोखंडी गार्डाला गोणपाट बांधायच्या. होळी झाली की स्वतःच सोडायच्या.

यंदा होळी झाली, पण सोडायला त्या उरल्या नव्हत्या.

ग्यानोबा एकटे पडले. दर सोमवारी लेकीकडे, सिंधूकडे जाणं, एवढाच त्यांचा विरंगुळा. तिच्या गावाला एस.टी. जात नाही. मी बंद पडले, तर तेही तुटणार होतं. ऊन वाढलं तरी गोणपाट तसंच. मागं माणूस नाही, पुढं वारा नाही.

कंधारच्या मल्लेश मिस्त्रीनं टोकलं, "काका, इंजिन लई तापून राहिलं. सोडा ते गोणपाट. तेल बी बघू द्या."

"हात लावू नको. तिच्या हातची गाठ हाय."

"मग लेकीकडं चालत जाता का?"

ग्यानोबा किक मारून निघाले.

पुढच्याच चढावर माझा पिस्टन तापून इंजिनात चिकटला आणि मी जागीच बंद पडले. घाबरून ग्यानोबांनी पाण्याची बाटली उघडली आणि मल्लेशला फोन लावून विचारलं, "इंजिनावर पाणी ओतू का?" तो ओरडलाच, "पाणी टाकू नका! इंजिन तडकंल. गार होऊ द्या, मी आलो."

रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. ग्यानोबा माझ्याजवळ मातीत बसले. पुटपुटले, "ती असती तर कवाच सोडली असती." आणि त्यांनी गाठ सोडली.

मल्लेशनं मला कंधारला नेऊन पिस्टन बदलला, नवं तेल घातलं. आता सोमवारी आम्ही दोघंच जातो. मागची सीट अजून हलकी लागते.

मित्रांनो, घरच्या गाडीचं तेल पाहत जा. पट्ट्यांतला चिखल काढा, पुढं काही बांधू नका. आम्हाला बोलता येत नाही. आम्ही तापतो, तेच आमचं सांगणं.