शांत झोपू दे त्याला

इमारतीला बांधलेली परांची कोसळली तेव्हा वेल्डर एका हाताने लोखंडी कांबीला लटकला होता आणि दुसऱ्या हातात ढब्बूचं मनगट होतं. ढब्बू म्हणजे त्याचा जिवाभावाचा जोडीदार. नाव ढब्बू, अंगाने काडी. खालून शिडी येईपर्यंत ढब्बू गेला होता.

त्यानंतर वेल्डरचा डोळ्याला डोळा लागेना. त्याची मोठी बहीण औषधांच्या दुकानात कामाला होती. डॉक्टरांनी तिच्याकडे झोपेच्या मोजक्याच गोळ्या दिल्या. म्हणाले, "ताई, गोळ्यांनी धक्का पुसला जात नाही. झोप लागली की बंद करा. तो बोलायला लागला तर बोलू द्या."

पण गोळी पोटात गेली की भाऊ कसा निवांत पडायचा! गोळ्या संपल्या तशी ताई दुकानातली पाकिटं गुपचूप घरी आणू लागली. "पोरगा लवकर सावरला हो," शेजारी म्हणायचे आणि ताईच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

एकदा ढब्बूची आई आली. "शेवटी काही बोलला का रे माझा?"

वेल्डरची जीभ जड झालेली. तो तिच्याकडे बघत बघत पेंगला. म्हातारी उठून गेली.

पुढे एका गोळीच्या दोन झाल्या, तरी तो किंचाळत उठू लागला. जिना चढायचा म्हटलं तरी लटपटायचा. ताई घाबरून डॉक्टरांकडे धावली.

"हे काय करून बसलात!" डॉक्टर म्हणाले. "आता एकदम थांबवलीत तर झटके येतील. हळूहळू कमी करू."

गोळी कमी होत गेली तसा तो दिवस काल घडल्यासारखा अंगावर येऊ लागला. जरा उभं राहता आलं तसा वेल्डर ढब्बूच्या आईकडे गेला. तिने दारातच हात जोडले. "तेव्हा ऐकायला आले होते, बाबा. आता नको. आता कुठे घास गिळतेय."

घरी येऊन तो ताईसमोर बसला. "तुला सांगू?"

"आधी जेवून घे," म्हणत ताई चटकन उठली आणि तिथेच थबकली. हे ऐकायला लागू नये असं आपल्यालाच तर वाटत होतं! ती परत बसली. "सांग."

"तो म्हणाला, सोड, नाहीतर तूही येशील खाली. आणि मी सोडलं, ताई."

ताईने त्याला गप्प केलं नाही. तो रडत रडत पुन्हा पहिल्यापासून सांगू लागला.