माझ्या मानेचा स्क्रू

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी स्टँड आहे, गाणाऱ्यांनी समोर स्वरलिपीचा कागद ठेवायचा ना, तोच. ज्या दुपारी बातमी आली, त्या दुपारी माझ्यावर नाताळच्या गाण्याचा कागद उघडा होता आणि समोर कुणीच नव्हतं. माझ्यासमोर उभी राहून गाणारी ती कामावरून परस्पर तालमीला यायची होती. गायकांच्या गटातले बाकीचे तिघे घसा साफ करत होते. तिचा नवरा माझ्या मागे आपला बास, म्हणजे माणसाहून उंच तंतुवाद्य, जुळवत होता. पियानोवरचा फोन वाजला. रस्त्यात तिला अपघात झाला होता, ती गेली होती. सगळे धावले. मला कुणी मिटलं नाही. अकरा दिवस मी तो कागद धरून उभा होतो.

माझा जन्म वेल्डिंगच्या दुकानातला. आधी एका शाळेच्या बँडमध्ये होतो. तिथून भंगारात निघालो, तेव्हा तिने मला उचललं. माझी एकच खोड. मानेचा स्क्रू झिजलेला. गाणं रंगात आलं की मान हळूहळू खाली यायची.

"टाक, टाक मान, मेल्या!" असं पुटपुटत ती मला कोपराने वर ढकलायची आणि पुढची ओळ वेळेवर धरायची. मग घरी जाताना नवऱ्याला म्हणायची, "अहो, याचा स्क्रू बदला ना."

"उद्या बदलतो."

नऊ वर्षं तो उद्याच राहिला.

पण माझं खरं काम वेगळंच होतं. आमच्या जाझ वाद्यवृंदातलं ते जुनं नाताळचं गाणं बासच्या चार एकट्या सुरांनी सुरू व्हायचं. संचालक हाताने इशारा करायचे, पण बासकाका, म्हणजे तिचा नवरा, तिकडे बघतच नसत. ती पेन्सिलीने माझ्या कडेवर दोनदा ठोकायची. टक, टक. ते फक्त काकांना ऐकू जायचं. तिथला माझा रंग उडाला आहे. टाळ्या संचालकांना मिळायच्या. मी गप्प.

कार्यक्रमाला आठवडा उरला, तेव्हा तिची धाकटी बहीण तिच्या जागी गायला आली. संचालकांचा हात खाली आला. बास वाजला नाही. पुन्हा हात खाली आला. पुन्हा तेच.

"काका, नाताळ यंदाचाच ना?" ट्रम्पेटवाला म्हणाला. कुणी हसलं नाही, मग तोच ओशाळला.

"गाणं वगळू या," संचालक हळू आवाजात म्हणाले.

"वगळू नका," काका म्हणाले. "तिचं आवडतं आहे ते. पण हातच उठत नाही माझा."

धाकटी कागद सरळ करत होती. तिचं बोट माझ्या कडेवर थांबलं.

"भाऊजी, इथला रंग कशाने गेला?"

काकांनी बास खांद्याशी टेकवला. मग म्हणाले, "तुझी ताई ठोकायची. माझ्यासाठी."

धाकटीने पेन्सिल उचलली. टकटक.

"एवढी घाई नको गं. ताई श्वास घ्यायची मधे."

तिने श्वास घेतला. टक. टक. आणि बास वाजला. पहिला सूर कापरा होता, दुसरा बरा.

कार्यक्रमाच्या दिवशी सभागृह भरलं होतं. पेन्सिल वाजली, चार सूर आले, मागून ट्रम्पेट उसळले, चौघांचे आवाज मिसळले. दुसऱ्या कडव्यात माझी मान घसरू लागली. मी जीव मुठीत धरला. धाकटीने कोपराने मला वर ढकललं आणि गात राहिली. कुणी शिकवलं होतं तिला? मागे काकांचा बास क्षणभर अडखळला, पण थांबला नाही.

दुसऱ्या दिवशी काकांनी दुकानातून नवा स्क्रू आणला. पाना लावला, दोनदा काढला, उठून खिडकीपाशी गेले, परत आले.

मित्रांनो, वस्तूंची काळजी घ्या, असं मी म्हणणारच. पण तुमच्या घरात कुणी साधं काही सांगितलं असेल, तर ते आजच करा.

तो स्क्रू बासच्या पेटीत आहे. अजून बसवलेला नाही.