लुगड्यांच्या खोलीतला आवाज

एकू निजला की माझा दिवस सुरू होतो आणि तो उठला की संपतो. आत्ताही तो पाळण्यात आहे, मूठ तोंडाशी धरून, आणि त्याच्या श्वासावर एक कान ठेवून मी हे लिहितेय.

आमच्या अल्बमचं नाव ‘निजूं दे’. बँडचं नाव ‘टाउन बस’, कारण कॉलेजात असताना मी आणि मधुमिता बसच्या मागच्या सीटवर पत्रा बडवत गाणी रचायचो. आम्ही दोघीच. ती आता चेन्नईत असते; गिटार आणि ड्रम मशीन तिचं. बेस गिटार आणि आवाज माझा, इथून, कुंभकोणमहून रेकॉर्ड करून पाठवलेला. पोस्ट-पंक म्हणजे काय, हे शशांकला, माझ्या नवऱ्याला, एकदा समजावलं होतं: संतापलेल्या माणसानं ओरडायचं सोडून ठेका धरला तर जसं होईल तसं. तो म्हणाला, हे तर तू रोज भांडी घासताना करतेस. तो होसूरला नोकरी करतो, शनिवारी येतो, रविवारी जातो.

रेकॉर्डिंग लुगड्यांच्या खोलीत व्हायचं. माझ्या सासूबाई, आत्याबाई म्हणते मी त्यांना, अजून जुन्या तंजावरी मराठीतच बोलतात आणि जवळच्या दारासुरमच्या विणकरांकडून रेशमी लुगडी आणून घरूनच विकतात. त्या खोलीला खिडकी नाही, छतापर्यंत लुगडीच लुगडी. रेशीम आवाज पिऊन टाकतं. पण दाराबाहेर लगेच पाळणा, आणि पाळण्यापलीकडे चटईवर गिऱ्हाइकं. म्हणून सगळी गाणी मी कुजबुजत म्हटली, अगदी ज्यांत शिव्या होत्या तीसुद्धा.

आत्याबाईंना वाटायचं, मी जप करते. गिऱ्हाइकांनाही त्यांनी तसंच सांगितलं होतं. बायका भाव पाडताना आवाज खाली आणायच्या.

अल्बम आला आणि जाणकारांनी डोक्यावर घेतला. एकानं लिहिलं, भिंतीला ओठ लावून बोललेला राग आहे हा, एवढा संयम हल्ली ऐकायला मिळत नाही. ते वाचता वाचता मी एकूचं दुपटं बदललं. संयम कसला, मूल उठेल म्हणून.

तरी मी आनंदात होते. पुढच्या अल्बमसाठी चेन्नईत स्टुडिओ मिळणार होता. जाड दार, आत मी एकटी, आणि हवं तेवढं मोठ्यानं गायचं. त्यासाठी एकूला बाटलीची सवय लावायला घेतली होती. तो बाटली जिभेनं ढकलायचा आणि माझ्याकडे असा बघायचा, जणू माझीच काही चूक होतेय आणि तो समजून घेतोय.

मग मधुमिता स्वतः आली. एकूला मांडीवर घेतलं, दोनदा कॉफी घेतली, आणि निघायच्या वेळी सांगितलं की स्टुडिओ नक्की झालाय, पण गिटार आणि ड्रमसाठी.

“तुझा आवाज इथंच घेऊ, पवित्रा. त्याच खोलीत. लोकांना तोच हवाय.”

“मला तिथून बाहेर यायचंय गं.”

“तू बाहेर आलीस की तो आवाज राहणार नाही.” ती हे प्रेमानं म्हणाली, तेच जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी समईला झिलई करून आणायच्या निमित्तानं मी स्कूटर काढली आणि नाचियारकोविलच्या वाटेवर भाताच्या शेतांपाशी थांबले. आसपास कुणी नव्हतं. मोठ्यानं गायला तोंड उघडलं आणि कुजबुजच बाहेर आली. पाळणा घरी होता, कान तिथंच. तेव्हा खरी घाबरले. खोलीतून सुटणं एक वेळ जमेल, पण खोलीच माझ्या गळ्यात येऊन बसली असेल तर?

काल दुपारी, एकू निजल्यावर, मी त्या खोलीत गेले. मधुमिताचा नवा ठेका कानात लावला, फोन लुगड्यांच्या चवडीवर ठेवला. पहिली ओळ कुजबुजत गेली. दुसरीला मी पाळण्याचा विचार येऊ दिला आणि तरीही आवाज सोडला. फाटका, गंजलेला, पण माझा. एकू दचकून उठला, रडायला लागला. माझी छाती भरून आली, ब्लाउज ओला झाला. मी गातच राहिले.

दार उघडलं. आत्याबाई कडेवर एकूला घेऊन उभ्या. त्यांच्या मागे एक गिऱ्हाईक लुगडं हातात धरून तसंच थिजलेलं. मी हात पुढे केले, त्याला घ्यायला.

आत्याबाईंनी त्याला दिलं नाही.

“हा जप नव्हें,” त्या म्हणाल्या.

“नव्हे, आत्याबाई.”

त्यांनी फोनकडे पाहिलं, मग माझ्या भिजलेल्या ब्लाउजकडे. “झालें कीं आणिक आहे?”

“आणिक आहे.”

“मग आटप. लेंकरूं भुकेलें.” आणि त्यांनी बाहेरून दार ओढून घेतलं. रडणं अंगणाकडे लांब गेलं. मी उरलेलं कडवं म्हटलं, आवाज दोनदा चिरकला, आणि तसंच मधुमिताला पाठवून दिलं.

तिचं उत्तर लगेच आलं. यात एकू रडतोय, गळाही बसलाय, पुन्हा हळू आवाजात कर.

मी लिहिलं: हळू आवाज पहिल्या अल्बममध्ये आहे. माझ्याकडे आता हाच आहे.

तिनं वाचलंय. अजून काही लिहिलेलं नाही. कदाचित ती दुसरी कुणी शोधेल, मग ‘टाउन बस’मध्ये मी नसेन. लुगड्यांच्या खोलीचं दार मी उघडंच ठेवलंय. एकू कूस बदलतोय.