शेवंतीच्या घंट्या

माझी डॉक्टरकी एका शेवंतीपायी बुडायची वेळ आली होती.

मी तेव्हा सोळाची. नाव शाळेत, पण सकाळचे तास गावातल्या कॉलेजात, मोठ्या माणसांबरोबर. टेक्सासच्या आमच्या टोकाला हुशार पोरांना हे फुकट मिळतं. मात्र तिथले गुण जन्मभर चिकटतात. पुढं मेडिकलवाले तेच बघतात. शरीरशास्त्रात आपटले असते, तर डॉक्टर होणं अवघडच होतं.

आणि हाडांची परीक्षा आली नेमकी शाळेच्या मोठ्या फुटबॉल सामन्याच्या दिवशी! त्या दिवशी आम्ही मुली छातीवर परातीएवढी कापडी शेवंती मिरवतो. खाली घोट्यापर्यंत रिबिनी, रिबिनींना घंट्या. माझी शेवंती आईनं केलेली. जड म्हणून तिनं ती ब्लाउजला चक्क शिवून टाकली होती.

टेबलाटेबलावर हाडं मांडलेली. एस्कामिया सरांनी घंटा वाजवली की सगळ्यांनी पुढच्या टेबलाशी सरकायचं. मी वाकले, माझ्या घंट्या किणकिणल्या आणि अख्खा वर्ग पुढं सरकला.

"नायेली! ही काय जत्रा आहे?" सर कडाडले. "पुन्हा आवाज आला तर सरळ बाहेर."

"सर, शिवलीय हो ती..." मला रडूच फुटलं. हुंदका दिला तरी वाजत होती मेली.

शेजारी ओफेलिया होती. दोन लेकरांची आई, नर्स व्हायला निघालेली. आमची धड ओळखही नव्हती. पेन्सिल ठेवून ती माझ्यापुढं गुडघ्यांवर बसली आणि प्रथमोपचाराच्या पेटीतला कापूस एकेका घंटीत कोंबायला लागली.

"अहो, तुमची परीक्षा!"

"गप उभी राहा गं. आईनं इतकं खपून केलीय."

सरांची घंटा दोनदा वाजली. मी टेबलं बदलत लिहीत गेले, ती मात्र उठली नाही, गुडघ्यांवरच माझ्यामागं सरकत कापूस कोंबत राहिली. ती दोन टेबलं तिच्या कागदावर कोरीच राहिली.

मला पैकीच्या पैकी मिळाले, ती काठावर सुटली. "काठावरची नर्सही सुई नीटच टोचते," म्हणत हसली. माझ्यासाठी इतकं कुणी परक्यानं केलं नव्हतं.

काल मेडिकल कॉलेजात प्रवेशाच्या समारंभात आम्हाला डॉक्टरांचे पांढरे कोट चढवले. आईशेजारी ओफेलिया बसली होती, मांडीवर भली मोठी पिशवी. माझं नाव पुकारलं आणि शांत सभागृहात एकदम किणकिणाट झाला. ओफेलिया उभी राहून माझी ती जुनी शेवंती दोन्ही हातांनी हलवत होती!

माझा एक हात बाहीत, एक बाहेर. मी तिथूनच ओरडले, "अहो, कापूस कुठाय?"

"सगळा उपसला गं डॉक्टरीणबाई! आता वाजू दे की!"