रांजणातला विस्तव

तापलेल्या भाजक्या मातीवर पाणी पडले की फुसकाऱ्यामागून एक बारीक, कोरडा आवाज येतो. तो माझ्या हातून झाला होता, आणि तो चुकून झाला असे मी स्वतःलाही कधी पटवू शकलो नाही.

रघूदादा माझा थोरला चुलतभाऊ. मालवाहू जहाजावर आचारी म्हणून उमेदीची वर्षे घालवून नव्वदच्या दशकाच्या अखेरीस तो ओतूरला परतला, तेव्हा टेम्पोतून पेंढ्यात निजवलेली एक जपानी शेगडी उतरली: जाड भाजक्या मातीची, अंड्यासारखी, वर निळसर झिलई. गावाने तिला ‘रांजण’ म्हटले. कांद्याच्या चाळीच्या आडोशाला ती बसली आणि रघूदादाच्या दिवसांना जणू नवे ऋतू मिळाले. पावसाळाभर ती गोणपाटाखाली झाकलेली असे. आश्विनाचे पिवळे ऊन पडले की तो रोज मूठभर कोळशांची मंद धग देऊन मातीत मुरलेली ओल हळूहळू काढी, आजारातून उठलेल्या माणसाला पेज भरवावी तसा. मगच मोठा विस्तव. विझवताना वरचे-खालचे झरोके बंद करी आणि निखारे हवेवाचून शांत होत.

“हिला पाणी दावायचं न्हाई हां. तडकंल,” तो सगळ्यांना बजावी. मलाही बजावले होते.

रविवारी तिथे माणसे जमत आणि मधोमध बसत माझे वडील, आण्णा. माझ्या घरच्या ताटाला रोज नावे ठेवणारा हा माणूस तिथली कोंबडी बोटे चाटून खाई आणि मग माझ्याकडे वळे. “बाळू, तू पन शीक की कायतरी. का हापिसात नुसती खुर्चीच गरम करायची?” सगळे हसत. मीही हसत असे. रघूदादा मात्र हसत नसे. तो तळवा झाकणावर अधांतरी धरून धग अजमावत असे आणि धुराच्या पडद्याआड त्याचा चेहरा संध्याकाळच्या डोंगरासारखा निवांत दिसे. त्या निवांतपणाचा मला राग येई.

एका वर्षी पावसाळ्यानंतरच्या पहिल्याच रविवारी जेवणे उरकल्यावर आण्णा घरी निघाले आणि रघूदादा त्यांना पोचवायला गेला. बांधावरून चालताना त्यांनी रघूदादाच्या खांद्यावर हात ठेवला. माझ्या खांद्यावर तो हात कधी विसावला नव्हता. उन्हात लांबलेल्या त्या दोन सावल्या एक झालेल्या मी पाहिल्या, झाकण उचलले आणि हातातला तांब्या आतल्या तापल्या भिंतीवर रिता केला. मग झाकण लावून मी घरी गेलो.

पुढच्या रविवारी विस्तव फुलताच रांजण वरपासून खालपर्यंत उकलला. रघूदादा कितीतरी वेळ त्या भेगेवरून बोट फिरवत राहिला.

“काय राव, बोटीवरचा आचारी न् घरच्या घरी शेगडी फोडली,” कुणीतरी म्हणाले.

“माझंच चुकलं,” तो म्हणाला. “ओल राह्यली असंल. घाई झाली.”

रविवार मोडले. त्याच हिवाळ्यात आण्णा गेले. शेवटच्या आजारात त्यांनी एकदा रघूच्या हातचे मागितले, तेव्हा रघूदादा म्हणाला, “आता माझा हात बरूबर न्हाई, आण्णा.” नंतर लग्नकार्यातही तो चुलीपासून लांब बसू लागला. ज्या बोटांना धगीची भाषा कळत होती, ती बोटे स्वतःवरच संशय घेऊ लागली.

हे पुरते ध्यानात यायला मला काही वर्षे लागली, आणि बोलायला आणखी काही. शेवटी एका सकाळी चाळीपाशी, तो कांदे निवडत असताना, मी त्याच्यासमोर उकिडवा बसलो.

“दादा, रांजण तू न्हाई फोडला. गरम असताना मी पाणी वतलं. आण्णा तुझ्या खांद्यावर हात ठेवून चालले व्हते, ते मला बघवलं न्हाई. मला माफ कर.”

त्याने कांदा खाली ठेवला. शिवी येईल म्हणून मी मान खाली घातली.

“म्हंजी मी नीट सुकवला व्हता,” तो म्हणाला. पुन्हा एकदा, स्वतःशीच, “नीट सुकवला व्हता.”

त्याचा हात मी त्याला परत केला. पण आण्णांनी मागितलेला तो एक घास काळाच्या पल्याड राहिला, आणि त्याची माफी कुणाकडे मागायची, ते मला अजून कळलेले नाही.