बाबांची अक्षरं

दुकान चालवायचं की मोडायचं हे ठरवण्याआधी लेकीला एकच गोष्ट बघायची होती. बाबांची अक्षरं नव्या कॉम्प्युटरवरून जुन्या कटरवर कापली जातात का?

बाबा आधी ब्रशने पाट्या रंगवायचे. पुढे रंगीत चिकट रेडियम कटर मशीनने कापून काचेवर लावायचे दिवस आले, तेव्हा बाकीच्यांनी कॉम्प्युटरमधली तयार अक्षरं घेतली. बाबांनी मात्र आपल्या ब्रशचं वळण सोडलं नाही. एकेक अक्षर कागदावर काढून, मग कॉम्प्युटरमध्ये गिरवून त्यांनी सगळी बाराखडी उभी केली. दवाखान्याची काच, शिंप्याची पाटी, शाळेची बस, जिकडे पाहावं तिकडे त्यांचाच हात. "मशीन काय, कुणाकडेही असते," आई म्हणायची. "अक्षरं गेली तर आपल्या दुकानात उरलं काय?"

बाबा गेले आणि पाठोपाठ त्यांचा कॉम्प्युटरही बसला. डिस्कमधून काहीही निघणार नाही, असं कॉम्प्युटरवाल्याने सांगितलं. मात्र टेबलाच्या खणात एक पेन ड्राइव्ह होता. त्यावर बाबांनी स्वतःच्या हाताने 'अक्षरं' लिहिलेली पट्टी चिकटवली होती. त्याच्या भरवशावर लेकीने नवा कॉम्प्युटर घेतला.

आता कॉम्प्युटरवाला कटरच्या मागे उकिडवा बसला होता.

"ताई, हे भोक बघितलंत? पंचवीस पिनांचं. तुमच्या नव्या कॉम्प्युटरला असलं काही नसतंच. सासूला सुनेची भाषा कळत नाही, मध्ये दुभाषा लागणार." त्याने पिशवीतून बोटाएवढा कन्व्हर्टर काढला. "आधी मशीन बंद करा. चालूवर केबल खुपसली आणि पोर्ट उडाला, तर बसाल बोंबलत."

लेकीने आईकडे पाहिलं. कटर तेव्हापासून चालूच होता, वीज गेली तरी इन्व्हर्टरवर. हॉस्पिटलला नेताना बाबा जिन्यातून म्हणाले होते, "मशीन बंद करू नका." का, ते सांगायला उसंत मिळाली नाही. त्यानंतर आई केर काढतानाही त्या वायरीपासून हातभर लांब राहायची.

"त्यांना वाटलं असेल, आपण संध्याकाळपर्यंत परत येऊ," लेक म्हणाली.

"असेल."

"बंद केल्याशिवाय जोडता येणार नाही, आई."

लेक बटणापर्यंत गेली, पण बोट पुढे होईना. आईच उठली. "सर बाजूला. तुला जमायचं नाही." खट्. आतल्या पंख्याची घरघर थांबली.

केबल जोडून मशीन पुन्हा चालू केली, तर ती जागची हलेना. त्याने केबल सोलली, दोन तारांची अदलाबदल केली, कथिलाचा डाग दिला. मग हलली ती भूत संचारल्यासारखी. पातं रेडियमवर सैरावैरा धावलं आणि फाडून मोकळं झालं.

"ऐकू येतंय, पण समजत नाही," तो म्हणाला. "हा भडाभडा बोलतो आणि म्हातारी कमी ऐकते. जरा सावकाश सांगू."

दोन्हीकडचा वेग जुळवला. पातं हलकेच खाली उतरलं आणि एक लहानसा चौकोन कापून थांबलं. लेकीने तो नखाने उचलला. चारही कोपरे नीट जुळले होते. आईच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी काही हललं. "चहा टाकते," म्हणत ती आतल्या खोलीत गेली.

लेकीने पेन ड्राइव्ह लावला. पडद्यावर ओळीने नावं आली. क, ख, ग, सगळी. प्रत्येकाच्या कोपऱ्यात एक छोटा वाकडा बाण होता. तिने 'क' उघडला. सापडत नाही. 'ख' उघडला. सापडत नाही.

कॉम्प्युटरवाल्याने माउस हातात घेतला, दोनचार ठिकाणी दाबून पाहिलं आणि खाली ठेवला.

"ताई, ही अक्षरं नाहीत. हे नुसते शॉर्टकट. काकांनी स्क्रीनवरची चित्रं उचलून इकडे टाकली. पत्ता जपून ठेवला, आणि ते घरच आता पडलंय."

"मग?"

"मग काही नाही."

तो सामान आवरत होता, तेवढ्यात पेंटरकाका खांद्यावर रेडियमचा लांब रोल घेऊन आत आले. बाबांनी कापायचं आणि काकांनी चिकटवायचं, अशी दोघांची जन्माची जोडी.

"काय गं, तोंड का पाडलंस? गिऱ्हाईक नाही म्हणून? तुझ्या बापाच्या वेळी तरी कुठे रांगा होत्या!"

तिने पेन ड्राइव्हचं सांगितलं.

"हात्तिच्या! त्या कॉम्प्युटरच्या खटाऱ्यावर तुझ्या बापाचाही विश्वास नव्हता. सारखा अडकायचा. म्हणून सगळी अक्षरं त्याने या मशीनच्या मेमरीत पाठवून ठेवली. 'पुन्हा' दाबलं की ही आपली कापत सुटते, कॉम्प्युटर लागतच नाही. मला म्हणाला, मोठा रोल आण, एकदाचा सगळा संच कापून ठेवू. मीच आज-उद्या करत राहिलो. नंतर दुःखाच्या घरी रोल घेऊन कोणत्या तोंडाने यायचं?" त्यांनी रोल उतरवला. "चल, दाब."

लेक कॉम्प्युटरवाल्याकडे वळली. तो कन्व्हर्टरच्या रिकाम्या पाकिटाकडे बघत होता.

"जुनी मशीन आहे," तो हळूच म्हणाला. "बंद केली की आतलं सगळं पुसलं जातं. मला माहीत असतं तर..."

काकांना ते पटेना. त्यांनी स्वतः पुढे होऊन 'पुन्हा' दाबलं. पातं उतरलं आणि त्याने एक लहानसा चौकोन कापला.

"कुणी केली बंद?"

आत कपबश्यांचा आवाज झाला.

"मी," लेक म्हणाली.

काकांनी तिच्याकडे पाहिलं, खाली मान घातलेल्या कॉम्प्युटरवाल्याकडे पाहिलं, मग आतल्या दाराकडे. आणि रोल भिंतीला टेकवला.

आई ट्रे घेऊन आली. "अगंबाई, भावोजी! रोल घेऊनच आलात? त्यांची अक्षरं कापायला?"

"हो ना, वहिनी," काकांनी कप उचलला. "पण ती नव्या कॉम्प्युटरवर उघडायला मागत नाहीत म्हणे. लागेल वेळ. तुमच्या नवऱ्याची अक्षरं, तेवढा हट्ट करणारच."

आई हसली. कॉम्प्युटरवाला चहा न घेताच निघून गेला.

डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्याची नवी काच बाहेर दाराशी टेकवलेली, अजून रिकामी होती. लेकीने त्यांचं नाव तयार अक्षरांत टाइप केलं. कटरने एकदाही न अडखळता ते कापून दिलं. आई चष्मा लावून, हातात सुई घेऊन बसली. नको असलेलं रेडियम सोलून काढायचं काम पहिल्यापासून तिचंच.

"यांची पोटं किती सोपी," अक्षरांच्या आतले तुकडे टोचून काढत ती म्हणाली. "एका दमात निघतात. त्यांचा 'ठ' सोलताना मान मोडायची माझी."

काका काच पुसायला बाहेर गेले.

"उघडली की लगेच सांग हं," आई वर न बघता म्हणाली. "माझे डोळे आहेत तोवर सोलून होतील."

"हो," लेक म्हणाली, आणि तिने पुढची ओळ कापायला पाठवली.